निफाडची थंडी आणि पाच दिवसांचं पत्रक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षबागेसाठी हवामानाच्या पत्रकात नेमकं काय बघायचं, असं विचारलंस. डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात जो तो किमान तापमानाचा आकडा आधी शोधतो. तू तो शेवटी बघ. आधी ढग आणि वारा.

भारतीय हवामान विभागाचं कृषी हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, अंदाज पुढच्या पाच दिवसांचा. ढगांचा आकडा ० ते ८ असतो: आकाशाचे आठ भाग धरले तर किती झाकलेले, एवढंच. वाऱ्याची दिशा अंशांत देतात, ३६० म्हणजे उत्तरेकडून येणारा, ९० म्हणजे पूर्वेकडून. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवा, पुढे सरकला की ढग ६ वरून १ वर येतात आणि वारा उत्तरेचा होतो. मग ज्या रात्री हा वाराही थांबतो, तिची पहाट धोक्याची. ढग नसले की जमिनीची ऊब निघून जाते, आणि वारा नसला की गार हवा खालीच साचते. पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांवर कामं ठरव. चौथ्या-पाचव्या दिवसाकडून पारा चढणार की उतरणार, एवढंच घे.

आता किमान तापमान. पेपरात येणारा निफाडचा आकडा बहुतेकदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो. तुझी बाग कादवा नदीकडच्या उतारावर, तळाला. तिथे त्याहून एक-दोन अंश कमी भरले तर नवल नाही. किमान दाखवणारा तापमापक घडांच्या उंचीला, सावलीत टांग. भिंतीला किंवा पत्र्याला चिकटवलास तर खोटंच सांगेल. वाचायचा सूर्य उगवल्यावर, कारण सगळ्यात गार वेळ उजाडतानाचीच.

पारा सात-आठच्या खाली जाणार असेल, तर मण्यांत पाणी उतरण्याआधीच, म्हणजे ते मऊ पडायच्या आधी, घडांना कागद लावून घे. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा फरक वाढला की पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात, आणि एकदा आलेली गुलाबी झाक जात नाही. ठिबकनं पहाटे थोडं पाणी दे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते. पण आठवडाभर ताण देऊन एकदम भरपूर सोडलंस तर मणी तडकतील. शेकोट्या करायच्याच तर छोट्या आणि पुष्कळ कर. एकाच मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. धुरावर माझा फारसा विश्वास नाही, ऊब आगीची असते.

सकाळची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर दव पडणार असं धर. पानं सुकेपर्यंत फवारणी नको आणि वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर असला तरी नको. ढगाळ, उबदार दिवस लागून आले तर भुरी या बुरशीरोगासाठी घड आतून तपास. डाऊनी या दुसऱ्या बुरशीरोगाला मात्र पान ओलं लागतं. औषध निवडताना काढणीला किती दिवस उरलेत ते आधी मोज, नाहीतर औषधाच्या अवशेषांच्या तपासणीत माल अडकेल.

पावसाबद्दल एवढंच: ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. नोंदीचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणून बुधवारी संध्याकाळी पडलेला पाऊस गुरुवारच्या खात्यात दिसतो. आणि आपल्या जिल्ह्याचा एकच आकडा कधी धरू नकोस. इगतपुरीचा घाटमाथा आणि निफाडची सपाटी यांचं आभाळ वेगळं. तालुक्याचा अंदाज मिळतो, तोच बघ.

कागद लावायला मजूर आत्ताच सांगून ठेव, थंडी पडल्यावर मिळत नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बागाईतदार मित्र