संत्र्याच्या बातमीत जिवाणूचं नाव तरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात 'जीन बदललेला जिवाणू संत्र्याचा ग्रीनिंग रोग संपवणार' अशी बातमी आली आणि तेव्हापासून आमच्या वरूड भागात जो तो एकच विचारतोय, हे औषध कृषी केंद्रात कधी येणार. अहो, ग्रीनिंग म्हणजे पानं पिवळी पडून झाड खंगवणारा रोग, त्याचा जिवाणू अजून लॅबमध्ये एकटा वेगळा काढून वाढवत ठेवणंच जमलेलं नाही, म्हणून तर त्याच्या नावाआधी 'कॅन्डिडेटस' लावतात. मग त्याचे जीन बदलणार कसे?

मला वाटतं बातमीत झायलेला नावाच्या दुसऱ्याच जिवाणूची सरमिसळ झाली. त्याचा रोग ब्राझीलच्या संत्रा बागांत 1987 मध्ये लक्षात आला, 2000 साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी त्याचा सगळा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला, झाडांना रोग करणाऱ्या जिवाणूंमधला तो पहिलाच. पुढे कॅलिफोर्नियात द्राक्षावरच्या झायलेलाचा आरपीएफएफ हा एक जीन बंद करून बघितला, तर झालं काय, किडा त्याला या वेलीवरून त्या वेलीवर नेऊ शकेना, पण वेलीत सुईने टोचला की रोग आधीपेक्षा जोरात! कारण त्या जीनमुळे हे जिवाणू एकमेकांना केमिकल सिग्नल देतात, गर्दी झाली की चिकटून बसतात आणि पसरणं आवरतं घेतात, सिग्नलच गेला तर वेलभर सुटतात. नंतर ब्राझीलमध्ये तोच जीन संत्र्याच्या झाडात घातला तेव्हा रोग सौम्य झाला, म्हणजे उपयोग झाला तो झाड बदलून, जिवाणू बदलून नाही.

मी जीएमच्या, म्हणजे जीन बदलण्याच्या, विरोधात नाही, असे प्रयोग झालेच पाहिजेत, बंद लॅबमध्ये. पण अशा अर्धवट बातमीवर उद्या कोणी 'सुधारित जिवाणू' म्हणून बाटली विकायला आला तर आमचे लोक घेतील, पान पिवळं दिसलं की झिंक मारणारे आपण, ग्रीनिंग आणि झिंकची कमतरता दिसायला सारखीच.

ग्रीनिंग पसरतो सायला किडीने आणि रोगट झाडाचा डोळा भरलेल्या कलमांनी. कलमं घेताना मातृवृक्षाची, म्हणजे ज्या झाडाचा डोळा घेतला त्याची, पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी) तपासणी झाली का हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, नर्सरीवालाही सांगत नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांचं काम चालतं, त्यावर एक पानभर छापा की, आणि तपासणीशिवाय कलम विकू देऊ नका हे कृषी खात्यालाही सांगा.

— एक संत्रा बागायतदार, वरूड