नाण्याची चांदी वरवर मोजू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाण्यांविषयीच्या बातम्यांत ‘यंत्राने तपासले असता इतके टक्के चांदी आढळली’ असे वाक्य अलीकडे हमखास असते. हे यंत्र बहुधा क्ष-किरण प्रतिदीप्तीचे, म्हणजे इतवारीच्या सराफ्यात दागिन्यांचा कस पाहतात त्याच तत्त्वावरचे असते. नाण्याला ओरखडाही न पडता मिनिटभरात आकडा मिळतो, ही त्याची मोठी सोय. मात्र तो आकडा मिलिमीटरच्या काही शतांशांइतक्या वरच्या थराचा असतो, आणि नव्या बांगडीत न जाणवणारी ही मर्यादा शतकानुशतके मातीत राहिलेल्या नाण्याच्या बाबतीत पार दिशाभूल करू शकते.

चांदी-तांब्याच्या मिश्रधातूतील तांबे आधी झिजून जाते आणि वर चांदीचे प्रमाण वाढते. शिवाय टाकसाळीतच नाण्यांच्या कोऱ्या चकत्या तापवून आम्लात उजळण्याची रीत अनेक ठिकाणी होती; त्यानेही वरचे तांबे निघून जाई. रोमन सम्राट नीरोने इ. स. ६४ मध्ये दिनारियस नाण्यातील चांदी घटवली. पृष्ठभागाच्या जुन्या मोजणीत ती ९० टक्क्यांहून अधिक दिसत असे, पण कडेला बारीक भोक पाडून आतला धातू तपासला तेव्हा ती सुमारे ८० टक्केच भरली.

आपल्या विदर्भात तर अडचण आणखी वेगळी आहे. १९३९ मध्ये तऱ्हाळा येथे सापडलेली आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी अभ्यासलेली सातवाहन नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची आहेत. शिसे तांब्यात विरघळत नाही, थेंबाथेंबांनी विखुरते. त्यामुळे अशा नाण्याच्या दोन जागी दोन आकडे येऊ शकतात. चांदी-तांब्याच्या नाण्याला निदान विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील जडपणाचा, स्वस्त पडताळा आहे, कारण चांदीचे १०.५ आणि तांब्याचे ८.९६; पण पोटीनमध्ये जड शिसे व हलके कथील एकमेकांना झाकतात, म्हणून तिथे तोही उपयोगी पडत नाही.

यास्तव, टक्केवारी छापताना मोजणी कोणत्या पद्धतीने व किती जागी झाली आणि नाणे आधी स्वच्छ केले होते काय, एवढे तरी आपल्या वार्ताहरांनी विचारून घ्यावे, अशी विनंती आहे. शेवटच्या प्रश्नाचा आग्रह स्वानुभवातून धरतो: घरातला भोसलेकालीन रुपया मी तरुणपणी चिंचेने घासून लख्ख केला होता, आणि आज त्याच्या पृष्ठभागावरचा कोणताही आकडा मला स्वतःलाच विश्वासार्ह वाटत नाही.

आपला,
एक नाणेसंग्राहक, नागपूर