बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

ग्रनोबल, फ्रान्स

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "तू नक्की कशावर काम करतेस आणि त्याचा उपयोग काय?" मी "इलेक्ट्रॉनांवर" एवढेच म्हणून विषय बदलला, त्याची रुखरुख आठवडाभर मनात आहे.

बाबा, तुम्ही आयुष्यभर वायरमनचे काम केलेत. तार लांब असेल तर रोध वाढतो, जाड असेल तर घटतो, सांधा गंजला की मीटरचा आकडा हलतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. महिनाभर मी ज्या गावात आले आहे, तिथल्याच चुंबक प्रयोगशाळेत ५ फेब्रुवारी १९८० च्या रात्री क्लाउस फॉन क्लिट्झिंग या भौतिकशास्त्रज्ञांना याच्या अगदी उलटे काही दिसले. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर द्रव हेलियमने थंड करून प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवला, तेव्हा त्याचा आडवा रोध, म्हणजे प्रवाहाच्या काटकोनात मोजलेला व्होल्टेज भागिले प्रवाह, ठरावीक पायऱ्यांवरच थांबत होता: सुमारे २५,८१२.८ ओहमचा अर्धा, तिसरा किंवा चौथा हिस्सा. तो ट्रान्झिस्टर, म्हणजे आमच्या भाषेत नमुना, लांब की रुंद, त्यात अशुद्धी किती, याने त्या आकड्यांत फरक पडत नव्हता.

याचे कारण १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी शोधले. आई, परकराच्या नेफ्यात इलॅस्टिक घालून टोके शिवताना पीळ राहून गेला, तर तो शिवण उसवल्याशिवाय निघत नाही. इलॅस्टिक कितीही ताणले किंवा चुरगळले तरी पीळ तेवढेच राहतात. त्या नमुन्यातील इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम अवस्थांनाही, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्या रीतींनी असू शकतात त्यांनाही, असाच पीळ असतो आणि रोधाची पायरी म्हणजे त्या पिळांची मोजणी: अर्ध्या हिश्शाला दोन पीळ, तिसऱ्या हिश्शाला तीन. नमुन्याच्या आत पीळ आहे आणि बाहेर नाही, म्हणून कडेला शिवण उसवावीच लागते. तिथे प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि वाटेत अशुद्धी आली तरी मागे न फिरता तिला वळसा घालून पुढे जातो. मला हे आजही विलक्षण सुंदर वाटते.

पुढे १९८८ मध्ये डंकन हॉल्डेन यांनी कागदावर दाखवले की, असा पीळ बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राविनाही पडू शकतो. प्रत्यक्ष पदार्थात तो परिणाम बीजिंगच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजला. मध्ये पंचवीस वर्षे गेली, पण कागदावरचे गणित खरे ठरले.

माझे काम त्याच्या पुढचे आहे. मॉलिब्डेनम डायटेल्युराइड नावाच्या स्फटिकाचे दोन अणुथर एकमेकांवर सुमारे चार अंश फिरवून ठेवले, तर चुंबकाविना, दोन-तीन अशा पूर्णांकांसोबत अपूर्णांकांच्याही पायऱ्या मिळतात, हे २०२३ मध्ये दिसले. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत सर्व मिळून एकच अवस्था घडवतात, त्यामुळे एकेकट्या इलेक्ट्रॉनचा हिशेब तिथे अपुरा पडतो. कोन थोडा बदलला तर ही अवस्था कुठवर टिकते, ते मी गणिताने शोधते आहे.

राहिला उपयोग. माझ्या गणिताचा उद्या काय उपयोग होईल, ते मी आज सांगू शकत नाही. पण बाबा, १९९० पासून जगभरच्या प्रमाण प्रयोगशाळा ओहमचे माप क्लिट्झिंग यांच्या त्या पायऱ्यांवरूनच राखतात. तुमच्या कपाटातल्या मीटरवर जो ओहम लिहिला आहे, तो हाच. रविवारी फोन करीन, तेव्हा या पत्रातले जे पटले नसेल ते विचारा.

तुमची,
सुमी