नाणे कडेने धरणाऱ्या हातांस

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात येऊ नये असे तुम्ही मला बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या तुमच्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात ज्यांची ये-जा असते, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते कळेलच. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलाहून लहान आहात आणि समोरासमोर मी तुम्हाला अरे-तुरेच करतो. परंतु चारचौघांत आभार मानायचे तर ते मानानेच मानले पाहिजेत.

गेल्या आठवड्यात आपल्या संकेतस्थळावर शंभरावी शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचे जुने तांब्याचे नाणे, चढली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे उठून मी हे पत्र लिहायला बसलो.

2023 साली अधिक श्रावण होता. तो सरता सरता माझ्या पायातली चप्पल चालताना गळून पडू लागली आणि ती पडल्याचे मला कळेनासे झाले. ज्या डॉक्टरांकडे आमचे घर वीस वर्षे डोळे मिटून जात होते, त्यांनी पायाला हातसुद्धा न लावता ‘वय झाले, जीवनसत्त्व कमी पडले’ असे सांगून एका इंजेक्शनवर आमची बोळवण केली. चौथ्या दिवशी मला अंथरुणातून उठता येईना, सहाव्या दिवशी पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येईना. पुण्याला नेल्यावर कळले की हा जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, आहे. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात या आजाराची साथ आली तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. तोवर आमच्यात ते कोणी ऐकलेही नव्हते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, बहुधा आधी पाय जातात, मग हात, आणि काहींचा श्वासही. माझा श्वास वाचला, हात मात्र गेले. इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, असे मला सांगण्यात आले होते, आणि मी पडल्या पडल्या कोपरापासून बोटापर्यंतचे अंतर मोजत असे.

रुग्णालयात टेबलावर रुपयाची नाणी मांडून ती चिमटीत उचलायला लावत. मला एकही उचलता येत नसे. घरी कपाटात तीस वर्षांत जमवलेली माझी 312 शिवराई नाणी होती, आणि आता ती मोडीत जाणार, या एका विचाराने माझा जीव कासावीस होई.

ही भीती खोटी नव्हती. 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हापासूनचे हे तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची माळ, वजन बहुधा 11 ते 13 ग्रॅम. महाराजांच्या पश्चातही याच नावाने ते पाडले जात राहिले, पुढे दोन आडव्या दांड्यांची दुदांडी शिवराई आली, आणि या नाण्यावर साल नसल्यामुळे कोणते कधीचे हे अक्षरांच्या वळणावरूनच ताडावे लागते. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. आपल्याकडे मात्र कित्येक पिढ्या ती तांबटाच्या भट्टीत किलोने गेली. पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातून मी त्यांतली काही वाचवली, वजन आणि अक्षरभेद दोन जाड वह्यांत टिपून ठेवले. ते सारे एका संकेतस्थळावर यावे, म्हणजे माझ्यामागे नाणी राहोत न राहोत, त्यांची नोंद राहील, एवढीच इच्छा त्या दिवसांत उरली होती.

तुमच्याआधी हे काम मी एका मोठ्या कार्यालयाकडे सोपवले होते. त्यांनी अर्धे पैसे आगाऊ घेतले, दोन महिन्यांनी एक पान दाखवले ज्यावर मराठी अक्षरे फुटलेली होती, आणि पुढे फोन उचलणे बंद केले. आमच्या तोंडाला पाने पुसली गेली याचे दुःख आहेच, परंतु त्यांच्या माणसाने माझ्यासमोर माझ्या पत्नीला म्हटले, “यांना आता आराम करू द्या ना, कशाला ही दगदग?”, ते मला अधिक लागले. आजारी माणसाविषयी सगळे त्याच्या उशाशी उभे राहून तिसऱ्याशीच बोलतात. यांना चहा चालतो का, यांना कळते का, यांना झोप लागते का. सहा महिने मी ‘यांना’ झालो होतो.

मग तुम्ही आलात. दुकान बंद करून, रात्री साडेआठला, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. पत्नीने नाण्यांचा डबा तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो उघडला नाहीत. आधी बेसिनशी जाऊन हात धुतलेत, रुमालाने कोरडे केलेत, माझ्या खुर्चीसमोर पाटावर बसलात आणि माझ्याकडे पाहून विचारलेत, “काका, हे नाणं कुठे धरायचं असतं?”

कडेने, मी म्हणालो. दोन बोटांत कडेने, म्हणजे बोटांचा घाम अक्षरांवर लागत नाही. माझा आवाज बसलेला होता आणि वाक्य पुरे करायला वेळ लागला, पण तुम्ही ते मध्येच उचलून पुरे केले नाहीत. मग तुम्ही विचारलेत की आधी चिंचेने घासून घ्यायचे का, आणि मी जवळजवळ ओरडलो की मुळीच नाही, वरचा तो काळपट हिरवा थर हेच त्याचे वय आहे. कित्येक महिन्यांनी त्या घरात मला कोणी काही विचारले होते आणि माझ्या सांगण्याप्रमाणे कोणी काही केले होते. पत्नी स्वयंपाकघरात जाऊन रडली, हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

पुढचे सगळे तुम्ही जाणताच. ट्यूबलाइट मालवून बॅटरीचा उजेड एका बाजूने तिरपा पाडला की झिजलेला ‘श्री’ सावलीने उठून दिसतो, हे आपण दोघांनी मिळून शोधले. सत्तेचाळिसाव्या नाण्यापाशी तुम्हीच मला थांबवून म्हणालात की याच्या ‘छ’चे वळण कालच्यापेक्षा वेगळे आहे, आणि ते खरोखरच वेगळे होते, माझ्या वहीत तो भेद मी नोंदवलाच नव्हता. त्या पानाखाली तुमचे नाव घालू दिले नाहीत, याची रुखरुख मला आहे. पैसे तुम्ही घेतलेत, ठरले तेवढेच, आणि त्यामुळे मला तुमच्यापुढे ओशाळे व्हावे लागले नाही, हाही मी तुमचा चांगुलपणाच समजतो. असा चांगुलपणा आपल्या गावांतून, पेठांतून, छोट्या दुकानांतून अजून पुष्कळ आहे. तो पाटी लावत नाही, म्हणून ज्यांच्यावर उपकार झाले त्यांनी तरी तो बोलून दाखवावा.

नागपूरच्या एका शिक्षिकेने आपले पान पाहून आजोबांच्या देवघरातल्या शिवराईचा फोटो पाठवला आहे, तो तुम्हाला दाखवायचा आहे. दुदांडी आहे, आणि देवाबरोबर पुजली गेल्यामुळे हळदीकुंकवाने भरली आहे. ते पुसू नका, असे मी त्यांना कळवले.

गुरुवारी दुकान बंद झाल्यावर या. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आता तर्जनीला टेकतो आणि काल मी डब्यातले एक नाणे कडेने उचलून दिव्यापर्यंत नेले, दोनदा. तेव्हा शंभर आणि एकाव्या फोटोसाठी तुम्ही फक्त कॅमेरा सांभाळा, नाणे मी धरतो.

तुमचा ऋणी,
काका