मृगाआधी गच्चीकडे बघावं म्हणून

प्रति,
मा. अध्यक्ष व समिती सदस्य,
टिळकवाडी, बेळगाव.

विषय : इमारतीचा विमा आणि गच्चीची दुरुस्ती

स. न. वि. वि.

मागच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला आणि "विमा आहे की आपला, आता कशाला खर्च?" म्हणून दोन मिनिटांत मिटला. मी तेव्हा गप्प बसलो, कारण पॉलिसी हातात नव्हती. आता शेवटच्या पानापर्यंत वाचलीय, म्हणून हे पत्र.

आपली पॉलिसी 'भारत गृह रक्षा' आहे. १ एप्रिल २०२१ पासून आलेली, ठरीव मसुद्याची ही घरविमा पॉलिसी. आग, भूकंप, वादळ, पूर तिच्यात आहेत. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही आहे. पण झिरपून झिरपून हळूहळू झालेलं नुकसान, झीज, सदोष बांधकाम यांचे पैसे मिळत नाहीत. थोडक्यात, २०१९ च्या ऑगस्टसारखं पाणी घुसलं तर दावा करता येईल, पण माझ्या देवघराच्या भिंतीसाठी नाही.

त्या भिंतीचं सांगतो. गेल्या श्रावणात देव्हाऱ्याच्या वर ताटलीएवढा ओला डाग आला. गौरी-गणपतीपर्यंत तो परातीएवढा झाला. मी हौसेने दावा टाकला. नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, चहा घेतला, डागावर बोट दाबलं. गिलावा पिठासारखा खाली पडला आणि आतून रंगाचे तीन थर दिसले, प्रत्येकावर जुन्या ओलीची पिवळी कड. आमचा प्लंबरही तिथेच उभा होता. तो भाबडेपणाने कानडीत म्हणाला, "हळे लीक ऐत्री." लीक जुनं आहे, हे सर्व्हेअरना सांगायची गरजच नव्हती म्हणा. दावा तिथेच संपला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलंही नाही.

नंतर मी गच्चीवर गेलो. पावसाचं पाणी जायची चार तोंडं आहेत. त्यातल्या दोनांवर जाळी नाही. एकात बॉल अडकलेला, तर चौथ्यात वीतभर पिंपळ. पिंपळ उपटायला कुणी धजत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्याची मुळं कोब्याच्या (स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराच्या) फटीतून थेट स्लॅबपर्यंत जातात. मुळासकट काढून देवळाच्या आवारात लावू, म्हणजे पापही नको. सोलर हीटरचे जोड थेंब थेंब गळतात आणि ते पाणी गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यात साचतं. माझ्या देव्हाऱ्याच्या बरोबर वर.

म्हणून विनंती अशी की आधी तोंडं साफ करून जाळ्या बसवाव्यात आणि सोलरचे जोड बदलावेत. मग तोंडं बंद करून गच्चीवर चार बोटं पाणी साठवून दोन दिवस ठेवावं. ओल कुठे फुटते ते खालच्या घरांतून बघावं आणि तेवढाच कोबा उकरून नवा करावा. सरसकट सगळ्या गच्चीला काळा रंग फासणाऱ्या कंत्राटदाराचं कोटेशन कृपया घेऊ नये; तो प्रयोग आपण एकदा केलाय.

लाईटचंही तसंच. परवाच्या वळवात वीज कडाडली आणि खालच्या मजल्यावरचा एक फ्रिज गेला. पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की शॉर्टसर्किट किंवा विजेच्या जादा दाबाने जे यंत्र जळलं, त्याचे पैसे नाहीत, मग ते आकाशातली वीज पडून का झालेलं असेना. त्यातून आग पसरून सोफा जळला तर सोफ्याचे मिळतील. आता काय, सोफा जळायची वाट बघायची? आपल्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेली कित्येक वर्षं कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नाही. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग एकदा मोजून घ्यावं आणि मीटर बोर्डावर विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा.

शेजारच्या प्लॉटवर तळघराची खोदाई सुरू आहे. अशा खोदाईने जमीन खचून भिंतींना तडे गेले तर तेही विम्याबाहेर आहे; तो वाद बांधणाऱ्याशीच घालावा लागेल. तेव्हा त्या बाजूच्या भिंतींचे तारखेसकट फोटो आत्ताच काढून ठेवावेत. हे काम मी करतो.

विमा बंद करा असं माझं म्हणणं नाही, हप्ता भराच. पण मृग ७-८ जूनला लागतो, आणि बेळगावचा पाऊस एकदा धरला की गवंडी गच्चीवर पाय ठेवत नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता गच्चीची किल्ली मिळावी. ती गेले दोन महिने नक्की कुणाकडे आहे, हे वॉचमनलाही सांगता येत नाही.

आपला,
वरच्या मजल्यावरचा एक सभासद

ता. क. : बॉल मी काढून ठेवलाय. ज्या मुलाचा असेल त्याने घेऊन जावा, रागावणार नाही.