सहाशे पानांच्या खुन्याला रामराम

कोल्हापूर, शनिवार

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज मिळाला. गुन्हेकथांचे संग्रह म्हणजे टाइमपास, खरी मजा कादंबरीत, असं म्हणतोस. भावा, ह्याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही असं ठरवून कागद घेतलाय. नाहीतरी इथं पावसानं धार धरलीय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि गंगावेशीला दूध प्यायला चला म्हटलं तर कुणी घराबाहेर पडत नाही.

कादंबरीत उरलेली पानंच चुगली करतात. दोनशे पानं शिल्लक असताना पोलिसांनी कुणाला उचललं, तर तो खुनी नव्हे हे शेंबडं पोरही सांगेल. एकाच लेखकाच्या कथा घेतल्या तर शेरलॉक होम्सच जिंकणार, हे ठरलेलं. (1891 साली पहिल्याच लघुकथेत आयरीन अ‍ॅडलरनं त्याला चकवलं ते सोड.) पण दहा-वीस लेखक एका पुठ्ठ्यात बांधले की पुढच्या गोष्टीत डिटेक्टिव्ह तरी आहे का, इथपासून अंधार. सांगणाराच खुनी निघेल, खून झालेलाच नसेल, किंवा खुनी सुटेल आणि आपल्यालाच बरं वाटेल. दर वीस पानांनी नव्यानं सावध व्हायचं. मला ह्याचाच नाद आहे.

आणि विसरलेले लेखक भेटतात ते इथंच. जॅक फुत्रेल हे नाव तू ऐकलंयस? मी एका जाड इंग्रजी संग्रहात वाचला. त्याचा तिरसट प्रोफेसर पैज मारतो, मला फाशीच्या कैद्याच्या कोठडीत कोंडा, आठवड्यात डोक्याच्या जोरावर बाहेर येतो. सोबत मागतो काय, तर दंतमंजन, पाच डॉलरची एक नोट, दहाच्या दोन, आणि बुटांना पॉलिश! त्या पॉलिशपाशी मी पुस्तक मिटून अर्धा तास डोकं खाजवलं. काही सुचलं नाही. 1905 मध्ये बोस्टनच्या एका पेपरात ही कथा आली तेव्हा वाचकांना उत्तर शोधायला बक्षीसच लावलं होतं. फुत्रेल 1912 ला टायटॅनिकवर गेला, बायको वाचली. आता सुटं पुस्तक मागवून त्याला कोण वाचणार? कुणीतरी संपादक दर काही वर्षांनी त्याला उचलून पुन्हा छापतो, म्हणून तो टिकून आहे.

संपादकांत मला एलरी क्वीन ह्या नावाखाली लिहिणारे दोघे मावसभाऊ भारी वाटतात. एडगर अ‍ॅलन पो ह्या अमेरिकन लेखकाची पहिली डिटेक्टिव्ह कथा 1841 ची. तिला शंभर वर्षं झाल्यावर, 1941 मध्ये, त्यांनी तेव्हापासूनच्या निवडक कथांचा दणदणीत ग्रंथच काढला. उलट काही संपादक प्रस्तावनेतच शेवट फोडतात. असल्यांना चपलेचा प्रसाद द्यावा, तोही आपल्या कोल्हापुरी.

तू म्हणशील, मराठीत कुठाय हे? अरे, ‘धनंजय’, ‘नवल’चे दिवाळी अंक आठव. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड घरोघरी पोचले, ते वेगळं. पण एकाच अंकात भुताशेजारी भामटा आणि दोघांच्या मध्ये फराळाच्या तेलाची जाहिरात, ही मजा दिवाळी अंकाचीच. त्यात कथा मागंपुढं वाचता येतात. मी छोटी आधी वाचतो, मग सगळ्यात लांब, आणि नावाजलेल्या लेखकाची शेवटी.

परवा रद्दीवाल्याकडं असाच एक फाटका संग्रह मिळाला. आधीच्या कुण्या महाभागानं प्रत्येक कथेच्या शीर्षकाशेजारी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. पहिल्या दोन कथांना शिव्या घालत वाचलं. तिसरीत नाव चुकीचं निघालं! गड्याचा अंदाज चुकला होता की मुद्दाम गंडवत होता, कळायला मार्ग नाही. आता चौथीपासून मी गोष्ट आणि पेन्सिल, दोघांवर संशय घेत वाचतोय.

गणपतीला येशील तेव्हा तुझ्या माळ्यावरचे जुने अंक घेऊन ये. आईनं रद्दीत घातले असतील तर आधी कळव, म्हणजे मी रद्दीवाल्यांकडं फेरी मारायला लागतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या