हातातली दोन, मधली तीन

वेंगुर्ले,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा घरात आरती चालू होती, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही. आम्ही जागरणाच्या रात्री कोणता नवा खेळ खेळत होतो आणि तुला येणाऱ्या टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारापेक्षा तो कशात निराळा आहे, असे तू विचारले होतेस. हे फोनवर सांगण्यासारखे नाही. हातात कागद असला, म्हणजे वाचता वाचता समोर पाने मांडून पाहता येतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे. तूही पत्त्यांचा जोड जवळ घेऊनच वाचावेस.

खेळाचे नाव ओमाहा, हाही पोकरचाच एक प्रकार. आमच्या पडवीत इतकी वर्षे मेंढीकोट आणि तीनशे चार याखेरीज काही खेळले गेले नाही, हे तू पाहिलेच आहेस. यंदा धाकटा चुलतभाऊ बोटीवरून सुट्टीवर आला आणि तेथे सोबत्यांकडून शिकलेला हा खेळ त्याने आम्हाला शिकवला. काका, काकी, तो, माझी बहीण आणि मी असे पाच जण बसत होतो. पैशाचा एक रुपयाही मध्ये नव्हता. काकीने चिंचोक्यांचा डबा काढला, दहा चिंचोक्यांची एक काजूची बी असा भाव ठरला आणि त्यावरच सारे चालले. पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ नव्या केंद्रीय कायद्याने बंद केले, त्याला राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्टला, म्हणजे चतुर्थीच्या पाचच दिवस आधी मिळाली होती. आणि आपल्या राज्यात जुगाराविरुद्धचा कायदा तर १८८७ पासून आहे. पण कायदा नसता तरी आम्ही चिंचोकेच घेतले असते, कारण या खेळाचे खरे सुख विचारात आहे आणि ते चिंचोक्यांवरही पुरेपूर मिळते.

अमेरिकेत लास व्हेगासच्या गोल्डन नगेट या कॅसिनोत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट टर्नर यांनी हा खेळ बिल बॉइड यांना दाखवला आणि तेथून तो पसरला, असे मानले जाते. होल्डेममध्ये तुला दोन पाने मिळतात, येथे चार मिळतात. बाकीचा क्रम तोच आहे: वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच टाकायची ठरलेली बोली, टाकतात (आमच्याकडे एक आणि दोन चिंचोके), मग पहिली बोली, मग मध्ये तीन उघडी पाने म्हणजे फ्लॉप, मग चौथे पान म्हणजे टर्न, मग पाचवे म्हणजे रिव्हर, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली. शेवटी पाच पानांचा ज्याचा हात सर्वांत वरचा, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे चिंचोके.

आता तो नियम, ज्याच्यावर सारा खेळ उभा आहे. शेवटचा हात हातातली दोनच पाने आणि मधली तीनच पाने घेऊन करावा लागतो. होल्डेममध्ये तू हातातले एकच पान वापरून मधली चार घेऊ शकतोस, किंवा मधली पाचही घेऊ शकतोस. येथे ती मुभा नाही. नियम ऐकायला एका वाक्याचा आहे, पण तो अंगी मुरायला मला चार रात्री लागल्या, आणि तो मुरण्यासाठी काय मोजावे लागले तेही सांगतो, कारण उदाहरणाशिवाय तो कोणाला कळत नाही असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या रात्री माझ्याकडे इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, किल्वरचा राजा आणि चौकटची सत्ती अशी पाने होती. फ्लॉपवर इस्पिकची राणी, इस्पिकची नव्वी आणि चौकटची चव्वी आली. टर्नवर इस्पिकची पंजी आणि रिव्हरवर इस्पिकची दुर्री. मध्ये चार इस्पिक, माझ्या हातात इस्पिकचा एक्का, म्हणजे माझा फ्लश (एका रंगाची पाच पाने) सर्वांत मोठा, असे मानून मी समोरचे सगळे चिंचोके आत ढकलले. काकीने शांतपणे कॉल केला, म्हणजे बरोबरीचे चिंचोके टाकले, आणि इस्पिकची अठ्ठी व तिर्री उघडी केली. तिची दोन इस्पिक आणि मधली तीन इस्पिक मिळून तिचा फ्लश खरा होता. माझ्याकडे इस्पिक एकच होते. दुसरे पान कोणते घ्यायचे? राजाची जोडी, यापलीकडे माझा हात काहीच नव्हता. काकी एवढेच म्हणाली, “हातातली दोन पानां घेवकच व्हयी रे बाबा.” ते वाक्य मी अजून प्रत्येक डावाच्या सुरुवातीला मनात म्हणतो. तूही म्हणावेस.

हा नियम उलट बाजूनेही तपासून पाहा. चार एक्के हातात आले तर होल्डेमच्या सवयीने आनंद होईल, पण त्यांतले दोनच वापरता येतात, आणि एक्का पाचवा नसतोच, त्यामुळे ती जोडी एक्क्यांच्या बळावर कधीच तिकडी होऊ शकत नाही. चार एक्के हा ओमाहात अत्यंत दुबळा हात आहे. तसेच एका रंगाची तीन किंवा चार पाने हातात असणे हाही तोटाच असतो, कारण तुझ्या कामी येतील दोनच, आणि उरलेली तू स्वतःच अडवून बसलेला असतोस.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण आमच्याकडे काकांनी तिच्यावरून दोन दिवस वाद घातला. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा, मग पोकरमध्ये फ्लश हा स्ट्रेटपेक्षा (सलग पाच पानांपेक्षा) मोठा का? शेवटी आम्ही वही घेऊन मोजले. बावन्न पानांतून तीन पाने उचलण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत नुसते कलर १,०९६ आणि नुसते सिक्वेन्स ७२०. पाच पाने उचलली की प्रकार २५,९८,९६० होतात. त्यांत फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. म्हणजे तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ आहे आणि पाच पानांत फ्लश दुर्मीळ आहे, आणि दोन्ही खेळांनी दुर्मिळालाच वरचा मान दिला आहे. (तीन पत्तीत एक अपवाद सापडला: ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने, ५२ आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सलग पाने, ४८, तरी वर ट्रेलच.) हे आकडे पाहिल्यावर काकांचे समाधान झाले आणि मलाही क्रम कायमचा लक्षात राहिला.

आता खेळायचे कसे, त्याकडे येतो. चार पानांतून दोन-दोनचे सहा मेळ निघतात. म्हणजे तुझ्याकडे जणू होल्डेमचे सहा हात एकदम असतात, पण समोरच्या प्रत्येकाकडेही तेवढेच असतात. आम्ही पाच जण असताना माझ्यासमोर चौघांच्या हातांत मिळून असे चोवीस मेळ असत. त्यामुळे होल्डेममध्ये जिंकणारा हात येथे सहसा पुरत नाही. मध्ये तीन पाने एका रंगाची असली तर कोणाकडे तरी फ्लश असेल असे धरून चालावे. मध्ये जोडी पडली तर फुल हाउसची, म्हणजे तिकडी आणि जोडी मिळून होणाऱ्या हाताची, शंका घ्यावी. दोन जोड्या किंवा बारीक पानांची तिकडी हातात धरून मोठ्या बोलीला कॉल करत राहणे हा नवशिक्याचा सर्वांत महागडा दोष आहे. ज्याला खेळाडू नट म्हणतात, तो त्या क्षणी शक्य असलेला सर्वोच्च हात. ओमाहात आपला डोळा त्याच्यावरच असावा.

म्हणून सुरुवातीची पाने निवडताना सहाही मेळ कामाचे आहेत का, ते पाहावे. गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी अशी सलग पाने, त्यांत दोन एका रंगाची आणि दोन दुसऱ्या रंगाची, हा देखणा हात आहे. कोणतीही दोन उचल, ती एकमेकांना साथ देतात. दोन एक्के आणि दोन राजे, तेही दोन रंगांत जुळलेले, हा सर्वांत वरच्या हातांपैकी एक. याउलट राणी, गुलाम, दश्शी आणि तिर्री पाहा: ती तिर्री गळ्यातले लोढणे आहे. तिच्यामुळे सहातले तीन मेळ वाया जातात, आणि तू चार पानांच्या डावात तीन पानांनिशी बसतोस. एक्क्यांच्या जोडीचेही तसेच. होल्डेममध्ये ती २२१ डावांतून एकदा येते, म्हणून तिचे अप्रूप. ओमाहात निदान दोन एक्के साधारण ३९ डावांतून एकदा येतात, आणि सोबतची दोन पाने विजोड असतील तर फ्लॉपनंतर त्या जोडीच्या भरवशावर फार पुढे जाऊ नये.

मला या खेळात सर्वांत आवडलेला भाग यापुढे आहे. होल्डेममध्ये दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट, म्हणजे सलग चार पाने, असला की आठ पाने कामाची असतात, हे तुला ठाऊक आहे. आता हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की घे आणि मध्ये नव्वी, अठ्ठी, दुर्री मांड. कोणत्या पानांनी तुझा स्ट्रेट होतो ते एकेक ठेवून पाहा: चार राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या, तीन सत्त्या, तीन छक्क्या, चार पंज्या. एकूण वीस पाने! न दिसलेली पाने पंचेचाळीस, त्यांतली वीस तुझी. रिव्हरपर्यंत दोन पाने पाहायला मिळाली तर साधारण ७० टक्के वेळा स्ट्रेट होतो. मधल्या पानांना गुंडाळून घेतल्यासारखा हा हात असतो, म्हणून त्याला रॅप म्हणतात. पहिल्यांदा हे मोजले तेव्हा मी रात्री अडीच वाजता बहिणीला उठवून दाखवले.

परंतु येथेच थांबू नकोस. त्या विसांतली सगळी सारखी नाहीत. राणी, सत्ती, छक्की किंवा पंजी आली तर तुझा स्ट्रेट सर्वोच्च होतो. गुलाम आला तर मात्र राणी-दश्शीवाल्याचा स्ट्रेट तुझ्यावर चढतो, आणि दश्शी आली तर राणी-गुलामवाल्याचा. म्हणजे खरी पाने चौदा, आणि सहा पाने अशी की ती येऊनही पॉट जाऊ शकतो. शिवाय फ्लॉपवर दोन पाने एका रंगाची असतील, तर त्या रंगाची कामाची पाने कोणाचा तरी फ्लश पुरा करतील. पाने मोजताना वीस म्हणायचे आणि खेळताना चौदा मानायचे, हा भेद ज्याला कळला, त्याला ओमाहा कळू लागला असे मी समजतो.

बोलीबद्दल थोडक्यात. हा खेळ बहुधा पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे पॉटमध्ये जेवढे आहे त्याहून मोठी वाढ करता येत नाही. वाढ मोजताना आपला कॉल आधी पॉटमध्ये धरायचा. पॉटमध्ये ३० चिंचोके आहेत आणि काकांनी २० टाकले, म्हणजे ५० झाले. माझ्या कॉलचे २० धरून ७०. म्हणून मी ७० ने वाढवू शकतो आणि एकूण ९० टाकतो. समोरच्या बोलीची तिप्पट अधिक आधीचा पॉट, हे झटपट गणित. ओमाहात सुरुवातीच्या हातांमध्ये फारसे अंतर नसते, त्यामुळे मर्यादा नसती तर फ्लॉपआधीच सगळे चिंचोके आत जाऊन विचाराला जागाच उरली नसती.

बसण्याच्या जागेचे महत्त्व तुला होल्डेममुळे माहीत आहे. येथे ते अधिक आहे एवढेच सांगतो. शेवटी बोलणाऱ्याने जरा अधिक हात खेळावेत, आणि ब्लाइंडवरून अगदी मोजकेच.

आता पुन्हा त्या इस्पिकच्या एक्क्याकडे. चुलतभावाने दुसऱ्या दिवशी मला समजावले की त्या एक्क्याचा फ्लश झाला नसला, तरी तो निरुपयोगी नव्हता. तो माझ्या हातात होता, याचा अर्थ सर्वोच्च फ्लश दुसऱ्या कोणाकडेही असू शकत नव्हता, आणि हे ठाऊक असलेला पडवीत मी एकटाच होतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री तसाच प्रसंग आला: मध्ये तीन किल्वर, माझ्याकडे किल्वरचा एक्का एकटाच, आणि समोर तो स्वतः. या खेपेस माझ्याकडे फ्लश नाही हे मला पक्के माहीत होते. मी टर्नवर पॉटएवढी बोली केली आणि रिव्हरवर पुन्हा तेवढीच. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि मग राजाचा फ्लश उघडा करून टाकून दिला, म्हणजे डाव सोडला. तीच वस्तू, दुसऱ्या रात्री तिने मला बुडवले आणि अकराव्या रात्री तारले. मधल्या दिवसांत मी शिकलो ते एवढेच की ती काय आहे आणि काय नाही. मात्र हे समोरच्याला पान टाकता येत असेल तरच चालते. काकीसमोर मी ते करणार नाही, कारण ती फ्लश कधीच टाकत नाही.

दिवाळीत तू येणार आहेसच. २० ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आहे. पहाटे कारीट फोडून, पोहे खाऊन झाले की पडवीत बसू. चुलतभाऊ नोव्हेंबरात पुन्हा बोटीवर जाईल, म्हणून त्याआधीच ये. तोवर रोज चार-चार पाने वाटून, मध्ये पाच मांडून, कोणाचा हात वर आहे ते ओळखण्याचा सराव कर. दहा-बारा दिवसांत डोळा बसतो. आणि येताना प्लास्टिकच्या पत्त्यांचे दोन जोड घेऊन ये. येथल्या दमट हवेत कागदी पाने एकमेकांना चिकटतात, पिसता येत नाहीत, आणि आमच्या जोडातल्या किल्वरच्या राणीचा कोपरा आता सगळ्यांना ओळखू येतो.

काकांना व काकींना तुझा नमस्कार सांगितला आहे. तुझ्या आईस साष्टांग नमस्कार.

तुझा मित्र